गाठीचा टंच

हुपरीत चांदीचा व्यवहार टंचाशिवाय होत नाही. मुशीत आटवलेल्या लगडीचा कोपरा कापून तपासायला जातो, शुद्धता किती ते कागदावर येतं, आणि मग तार ओढणं, कड्या जुळवणं, झाळ देणं, घुंगरू लावणं ही पुढची कामं सुरू होतात. तुम्ही याच गावात वाढलात. उंबऱ्यात बसून पैंजणाला घुंगरू लावणारी आई तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. नुसतं चकाकतंय म्हणून चांदीला भाव देणारा माणूस मात्र तुम्ही कधी पाहिलेला नाही.

आज तुमच्या हातातल्या कापडी पिशवीत चांदी नाही. झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा आहे. त्यात फॉर्मालिन आहे आणि फॉर्मालिनमध्ये धाकट्या भावाच्या मानेतून काढलेली गाठ, मधोमध चिरलेली.

गाठ चार-पाच महिन्यांपूर्वी दिसली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण यायची, रात्री घामानं बनियन भिजायचं, पॅंट कमरेला सैल झाली होती. घरात बसलेल्या प्रत्येकानं निदान करून टाकलं. "आरं, मानंला गाठ हाय न्हवं? टीबीच असणार. सा म्हैनं गोळ्या खायाच्या, सपलं." डॉक्टरांनी सुई घालून पाणी तपासायला पाठवलं. उत्तर आलं: ग्रॅन्युलोमा. टीबीच्या गाठीत ते दिसतात, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. टीबीचा जंतू कुणालाच दिसला नव्हता. दोन महिने गोळ्या पोटात गेल्या आणि गाठ लिंबाएवढी झाली. मग एका सर्जननं अख्खी गाठ काढली आणि डबा तुमच्या हातात देऊन सांगितलं, "कोल्हापूरच्या लॅबला पोचवा. आजच."

एसटीत खिडकीची जागा मिळते. पट्टणकोडोली मागं पडतं. डबा मांडीवर धरून तुम्ही डोळे मिटता, आणि उघडता तेव्हा बाहेर ऊस नसतो. धुकं असतं, घोडागाड्या असतात, कोळशाचा धूर असतो.

लंडन, जानेवारी १८३२. मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या सभेत एक निबंध वाचला जातोय. लिहिणारा गायज हॉस्पिटलमधला ३३ वर्षांचा डॉक्टर आहे, थॉमस हॉजकिन. तो सोसायटीचा सभासद नाही, म्हणून त्याचा निबंध रॉबर्ट ली नावाचे दुसरे डॉक्टर वाचतायत. सात रुग्णांची हकिकत आहे. सगळ्यांच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या, बहुतेकांची प्लीहा वाढलेली, सगळे मेलेले. पहिला रुग्ण नऊ वर्षांचा मुलगा. हॉजकिनचं म्हणणं थोडक्यात असं की ही सूज दुसरीकडच्या जखमेमुळे किंवा जळजळीमुळे आलेली नाही. आजार मुळात ग्रंथींचाच आहे. सभेतले लोक ऐकतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. या निबंधाकडे पुढची कित्येक वर्षं कुणी फिरकणार नाही. सॅम्युअल विल्क्स तो शोधून काढील आणि १८६५ साली आजाराला हॉजकिनचं नाव देईल.

तुम्ही हॉजकिनच्या संग्रहालयात जाता. गायजमध्ये शवविच्छेदनं आणि हे संग्रहालय त्याच्याकडे आहे. फळीवर काचेच्या बरण्या, त्यात माणसांच्या गाठी. तुमच्या डब्यातली गाठ त्यांच्याशेजारी धरली तर वेगळी ओळखू यायची नाही. हॉजकिननं हे सगळं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. सूक्ष्मदर्शक त्याला परका नव्हता. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या नव्या भिंगांतून दोघांनी १८२७ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींवर लिहिलं होतं. पण या गाठी त्यानं भिंगाखाली ठेवल्या नाहीत.

त्याच बरण्यांपाशी थोडं थांबा आणि ९४ वर्षं जाऊ द्या. १९२६ साल. फॉक्स नावाचे पॅथॉलॉजिस्ट हॉजकिनच्या मूळ रुग्णांपैकी तिघांच्या जपून ठेवलेल्या तुकड्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोघांमध्ये खरोखर हॉजकिनचा आजार सापडतो. तिसऱ्यात तो नसतो. ती वेगळ्या जातीची लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असते. ज्या माणसानं आजार शोधला, ज्याचं नाव आजाराला लागलं, त्याच्याच बरणीत दुसराच आजार निघाला. वरून दोन्ही गाठी सारख्याच दिसत होत्या. मला ही हकिकत लिम्फोमाच्या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकवणारी वाटते, आणि टीबीच्या गोळ्या डोळे मिटून लिहून देणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते.

आता बाल्टिमोर, १९०२. जॉन्स हॉपकिन्सच्या पॅथॉलॉजी विभागात एक तरुण बाई सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली आहे. डोरोथी रीड. हातात पेन्सिल आहे, भिंगात दिसणाऱ्या पेशी ती स्वतः कागदावर उतरवते आहे. तिच्या खांद्यावरून डोकावून बघा. भोवती लहान लहान लिम्फोसाइट, म्हणजे ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी, मधे एक प्रचंड पेशी. तिला दोन केंद्रकं, समोरासमोर, आणि प्रत्येकात एक ठसठशीत गडद केंद्रिका. अशा पेशी फार नाहीत. कापभर फिरावं तेव्हा एखादी भेटते.

चार वर्षांपूर्वी व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी या पेशींचं वर्णन केलं आहे. पण स्टर्नबर्ग यांचं ठाम मत होतं की हा आजार म्हणजे क्षयाचाच एक विचित्र प्रकार. त्याला कारणही होतं. त्यांच्या कितीतरी रुग्णांना खरोखरच क्षय होता. रीड आपल्या निबंधाच्या शीर्षकातच क्षयाशी असलेल्या संबंधाचा प्रश्न घेते आणि उत्तर देते: नाही. हा क्षय नाही. ज्यांना दोन्ही आहेत त्यांना दोन आजार आहेत. पुढं त्या पेशीला दोघांची नावं मिळाली, रीड-स्टर्नबर्ग पेशी. बाईमाणसाला इथं वरची जागा मिळणार नाही हे कळल्यावर रीडनं ती संस्था सोडली आणि पुढचं आयुष्य आया आणि बाळांच्या आरोग्यासाठी वेचलं.

तिच्या टेबलाशेजारी उभं राहून मांडीवरच्या डब्याचा विचार करा. तिनं जो प्रश्न १९०२ मध्ये मिटवला, तोच गोंधळ १२० वर्षांनंतर तुमच्या घरात झाला. क्षय आपल्याकडे इतका आहे की दहांतल्या अनेक गाठी खरंच क्षयाच्या निघतात. म्हणून संशय क्षयाचा येणं चुकीचं नाही. चूक आहे ती संशयालाच निदान समजण्याची. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, या तिन्ही गोष्टी क्षयात असतात तशाच लिम्फोमात असतात. ग्रॅन्युलोमासुद्धा दोन्हीकडे असू शकतात. हॉजकिनच्या गाठीत खरी कर्करोगाची पेशी शंभरात एखादी असते. बाकी सगळा जमाव आसपास गोळा झालेल्या निरोगी पेशींचा. बारीक सुई त्या जमावात शिरते, समोर येईल ते ओढून आणते, आणि रीडची ती मोठी पेशी मागंच राहते.

इथून पुढं तुम्हाला ओळखीची वस्तू भेटणार आहे. चांदी.

परळ, मुंबई. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आहे. गोमंतकातल्या मराठी घरातला हा माणूस, १८९५ चा जन्म, लंडनला शिकून आलेला. भारतात पॅथॉलॉजी हा शोध घेण्याचा विषय म्हणून उभा राहिला तो प्रामुख्यानं त्यांच्यामुळे. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकारानं परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं. तिथं पुण्याच्या कमल रणदिवे काचपात्रात जिवंत पेशी वाढवतायत. देशातल्या ऊतीसंवर्धनाच्या पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. पेशीचा कर्करोग कसा होतो हे त्यांना उंदरांत आणि काचेत पाहायचं आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीतली ही माणसं. कर्करोग म्हणजे देवाची करणी असं गावोगाव मानलं जात होतं तेव्हा ती भिंगावर बसलेली होती.

त्या काळात गाठ तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधला एक प्रयोग तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. १९३६ साली गॉर्डन आणि स्वीट्स यांनी सांगितलेली रीत. शुद्ध चांदी तेजाबात विरघळवली की सिल्व्हर नायट्रेट होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ते बोटांना लागलं की कातडी काळी पडते आणि काही दिवस जात नाही. तंत्रज्ञ काचपट्टीवरचा गाठीचा काप आधी पोटॅशियम परमॅंगनेटमधून काढतो, मग ऑक्झॅलिक आम्लातून, मग लोहतुरटीतून. नंतर अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण त्यावर ओततो. गाठीतल्या अगदी बारीक धाग्यांवर, ज्यांना रेटिक्युलिन म्हणतात, चांदी बसते. शेवटी फॉर्मालिन घातलं की त्या चांदीचा धातू होतो आणि धागे काळेशार उठतात. वर गोल्ड क्लोराइडचा हात फिरतो, म्हणजे सोनंही लागतं.

आता भिंगात बघा. निरोगी ग्रंथीत हे काळे धागे शिस्तीत असतात. पेशींचे गोल पुंजके, त्यांच्यामधून वाटा, कडेला पदर. लिम्फोमानं ग्रंथी खाल्ली की तो नकाशा पुसला जातो. फॉलिक्युलर लिम्फोमात गोल पुंजके राहतात, पण दाटीवाटीनं, आणि धागे दोन पुंजक्यांच्या मधे दबून गेलेले. पसरणाऱ्या लिम्फोमात पुंजकेच राहत नाहीत. दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग असेल तर धागे पेशींच्या झुंडीभोवती कडं करतात. लिम्फोमात ते एकेका पेशीच्या भोवती शिरतात. अनेक वर्षं या दोघांमधला फरक ओळखायला चांदीचा मोठा आधार होता. सुईनं काढलेल्या पाण्यात यातलं काही दिसत नाही, कारण सुई पेशी आणते, नकाशा आणत नाही. अख्खी गाठ मागतात ती एवढ्यासाठी.

कंपाला, १९५७. मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाच्या सर्जनला एक लहान मुलगा दाखवतात, जबडा चारी बाजूंनी सुजलेला. १९५८ मध्ये बर्किट त्यावर लिहितात, १९६१ मध्ये लंडनला व्याख्यान देतात. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन असतात आणि १९६४ मध्ये त्या गाठीच्या पेशींत एक नवा विषाणू सापडतो, एपस्टीन-बार. हाच विषाणू हॉजकिनच्या मोठ्या पेशींतही भेटतो, आणि भारतातल्या रुग्णांत, खास करून मुलांत, पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त वेळा.

पण तुम्हाला जायचंय ते स्वीडनला, १९७२ मध्ये. मानोलोव आणि मानोलोवा हे बल्गेरियन जोडपं बर्किटच्या गाठींतली गुणसूत्रं रंगवून मोजत बसलंय. चौदाव्या जोडीतलं एक गुणसूत्र थोडं लांब दिसतं. एका गाठीत, दुसऱ्या गाठीत, तिसऱ्या गाठीत. १९७६ मध्ये लोरे झेक दाखवतात की तो जास्तीचा तुकडा आठव्या गुणसूत्राचा आहे. १९८२ मध्ये त्या तुकड्यावर काय आहे ते कळतं: मिक नावाचं जनुक, पेशीला वाढ आणि विभागून जा असा हुकूम देणारं.

ही चूक लिम्फोसाइटमध्येच इतकी का होते, हे समजून घेण्यासारखं आहे. बी-लिम्फोसाइटचं काम प्रतिपिंडं बनवण्याचं. जगात जंतू अगणित, आणि जनुकं मोजकी. म्हणून ही पेशी स्वतःचा डीएनए मुद्दाम कापते आणि तुकडे नव्यानं जोडते, दर पेशीत वेगळी जोडणी. सुसुमु टोनेगावा यांनी हे १९७६ मध्ये सिद्ध केलं आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ग्रंथीतल्या गोल पुंजक्यांत गेल्यावर ती पेशी त्या जनुकांत आणखी बदल करते, म्हणजे प्रतिपिंड जास्त नेमकं व्हावं. एवढी काटछाट चाललेली असताना कधीतरी चुकीचं टोक चुकीच्या टोकाला चिकटतं. प्रतिपिंडाचं जनुक चौदाव्या गुणसूत्रावर सतत चालू असतं. मिक तिथं जाऊन पडलं की तेही सतत चालू राहतं. ज्या गुणामुळे आपण देवी, गोवर, कावीळ झेलून जगलो, त्याच गुणातून हा आजार निघतो. मला यात कुणाचा दोष दिसत नाही, रुग्णाचा तर नाहीच. खाण्यापिण्यातल्या एखाद्या चुकीची शिक्षा म्हणून लिम्फोमाकडे बघणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

१९८० च्या दशकाच्या मध्यात फॉलिक्युलर लिम्फोमातही तसंच घडताना दिसलं. अठराव्या गुणसूत्रावरचं बीसीएल-२ हे जनुक चौदाव्यावर जाऊन बसतं. पण हे जनुक पेशीला वाढायला सांगत नाही. ते तिला मरू देत नाही. १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ते दाखवलं, आणि पेशीचा वेळेवर न होणारा मृत्यूही कर्करोग करतो, ही गोष्ट पहिल्यांदा नीट उमगली. हीच अदलाबदल अगदी निरोगी माणसांच्या रक्तातही थोड्या पेशींत सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. एका चुकीनं लिम्फोमा होत नाही; चुकीवर चूक चढत जावी लागते.

चांदी पुन्हा भेटते ती पर्थला, ऑस्ट्रेलियात. ११ जून १९७९. पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांचा आज बेचाळिसावा वाढदिवस आहे. जठराच्या एका तुकड्यावर त्यांना काहीतरी निळसर पुसट थर दिसतो. सहकाऱ्यांना तो दिसत नाही. वॉरन चांदीचा दुसरा एक रंग मागवतात, वॉर्थिन-स्टॅरी, आणि जठराच्या पृष्ठभागावर वाकड्या जंतूंची काळी रांग उभी राहते. जठरातल्या आम्लात जंतू जगत नाहीत असं तेव्हा सगळे मानत होते. बॅरी मार्शल यांच्यासोबत वॉरन यांनी त्या जंतूचा पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी.

इंग्लंडमध्ये पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी १९८३ मध्ये जठराच्या एका लिम्फोमाचं वर्णन केलं होतं, तिला माल्ट लिम्फोमा म्हणतात. १९९१ मध्ये कळलं की या रुग्णांच्या जठरात बहुतेक वेळा हाच जंतू असतो. १९९३ मध्ये सहा रुग्णांना फक्त प्रतिजैविकं दिली. केमोथेरपी नाही, शस्त्रक्रिया नाही. सहांपैकी पाच जणांची लिम्फोमा ओसरली. त्या वर्षीच्या त्या दवाखान्यात थोडा वेळ उभे राहा. कर्करोग अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी मागं हटतो हे पाहायला मिळणं फार दुर्मिळ आहे.

मग उरलेल्यांचं काय? उत्तर गुणसूत्रांत मिळालं. काही माल्ट लिम्फोमांत अकरावं आणि अठरावं गुणसूत्र एकमेकांत तुकडे बदलतात. त्यातून एक जोडजनुक तयार होतं आणि ते पेशीला आतूनच वाढीचा इशारा देत राहतं. जंतू गेला तरी तिला फरक पडत नाही. ज्यांच्यात ही अदलाबदल आहे, त्यांची लिम्फोमा प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. जठर तेच, भिंगातलं चित्र तेच, जंतूही तोच. उपचार मात्र जनुक बघून ठरवायचा.

हॉजकिनच्या त्या मोठ्या पेशीचं कूळ कळायला १९९४ उजाडावं लागलं. जर्मनीत कुपर्स, राजेव्स्की आणि हान्समान यांनी कापातून एकेक पेशी सुईनं उचलली आणि तिचा डीएनए वाचला. ती बी-लिम्फोसाइट निघाली. प्रतिपिंडाची जनुकं मोडलेली, स्वतःच्या ओळखीच्या खुणा जवळजवळ पुसून टाकलेली. एरवी शरीर अशी पेशी मारून टाकतं. ही मात्र वाचते, आणि त्यामागचं एक कारण नवव्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक तुकडा तिच्यात वाढीव प्रती घेऊन बसलेला असतो. त्यावरची जनुकं पेशीच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन उभं करतात, आणि ते पाहून मारायला आलेले टी-लिम्फोसाइट परत फिरतात. भोवती एवढा निरोगी जमाव असून ती पेशी जिवंत कशी, याचं उत्तर हे. म्हणूनच टी-लिम्फोसाइटवरच्या पीडी-१ ची वाट अडवणारी नवी औषधं या आजारात इतकी चालली.

कोल्हापूर येतं. लॅबच्या खिडकीवर डबा दिला जातो, वहीत नोंद होते. पुढचे काही दिवस तुमच्या भावाच्या गाठीवर मेणाचे ठोकळे होतात, केसापेक्षाही पातळ काप निघतात, आणि त्यांवर प्रतिपिंडांचे रंग चढतात. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत काढली. आज त्यांच्या जोरावर पेशीच्या अंगावरची प्रत्येक खूण वेगळी तपासता येते. चांदीच्या रंगाचं बरंचसं काम आता ही प्रतिपिंडं करतात. अहवाल असा: मोठ्या पेशी सीडी-३० आणि सीडी-१५ ला होकारार्थी, पॅक्स-५ फिकट, सीडी-२० आणि सीडी-३ नकारार्थी. भोवती ग्रॅन्युलोमा आहेत. टीबीचे जंतू नाहीत. क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा.

डॉक्टर सांगतात, त्यात घाबरवणारं कमी आणि धीर देणारं जास्त आहे. १९७५ मध्ये मिलानच्या बोनाडोना यांनी चार औषधांचा एक संच मांडला, एबीव्हीडी, आणि अजूनही अनेक ठिकाणी उपचार तिथूनच सुरू होतो. या आजाराचे बहुतांश रुग्ण बरे होतात, संपूर्ण बरे. मात्र त्यासाठी नाव बरोबर हवं. नाव चुकलं तर औषधही चुकतं. आणि नावं थोडकी नाहीत. २००० साली टाटा मेमोरियलच्या पॅथॉलॉजिस्टांनी २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमा नव्या वर्गीकरणानं तपासून त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. सुमारे एक तृतीयांश गाठी मोठ्या बी-पेशींच्या पसरणाऱ्या लिम्फोमाच्या निघाल्या, आणि फॉलिक्युलर लिम्फोमा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो जनुकांचं काम एकदम मोजून दाखवलं की मोठ्या बी-पेशींची ती लिम्फोमाही एक नसून निदान दोन आहेत, आणि दोघींत रुग्ण जगण्याचं प्रमाण वेगळं आहे. आजच्या वर्गीकरणांत लिम्फोमाचे ऐंशीहून अधिक प्रकार आहेत.

एक मुक्काम राहिला. पवई, ४ एप्रिल २०२४. आयआयटी मुंबईच्या आवारात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू भारतात घडवलेल्या पहिल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण करतायत, नेक्सकार-१९. प्राध्यापक राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून तो घडवला. परवानगी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. रुग्णाचेच टी-लिम्फोसाइट काढायचे, त्यांत एक जनुक घालायचं, म्हणजे ते सीडी-१९ ही खूण असलेल्या बी-पेशी शोधून मारतात, आणि ते परत शरीरात सोडायचे. खर्च परदेशातल्या किमतीच्या दहाव्या भागाच्या आसपास. तरीही तो हुपरीच्या कारागिराला एकट्यानं पेलण्यासारखा नाही, हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. आणि हा उपचार उलटलेल्या बी-पेशींच्या आजारासाठी आहे; भावाच्या हॉजकिनला तो लागू पडत नाही, कारण त्या पेशींनी सीडी-१९ ची खूणही बहुतेक टाकून दिलेली असते. इथंसुद्धा पहिला प्रश्न तोच: ही गाठ नेमकी कोणती?

म्हणून तुम्हाला, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं ते एवढंच. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ चार-सहा आठवडे टिकली किंवा वाढत राहिली, तर तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. सुईच्या तपासणीत टीबीचा जंतू दिसला का, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची तपासणी केली का, हे विचारा. उत्तर "नाही" असं आलं, किंवा गोळ्यांनी गाठ कमी होत नसेल, तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. त्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी लिम्फोमा तात्पुरती विरघळते आणि निदान हातचं जातं. गाठ मोठी असेल तर ती चिरून, तिच्या दहापट फॉर्मालिनमध्ये, त्याच दिवशी लॅबला गेली पाहिजे. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि जपून ठेवा, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला त्याच लागतात. कर्करोगावरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मिळतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. आणि टीबीच सिद्ध झाला, तर त्या गोळ्या एकही दिवस न चुकवता पूर्ण करा.